ग्रीसची जागा

नाना, आज ऑफिसात एक नवी इंजिनिअर मुलगी माझ्या शेजारी बसून एका यंत्राची मांडणी करत होती. त्या यंत्राचं एकही चित्र अजून तयार नाही, पण कोणता भाग कोणत्या गटात जाणार हे तिला आधीच कॉम्प्युटरवर ठरवायचं होतं. ज्या भागांना अजून आकार नाही, किंवा कधीच असणार नाही, त्यांची नुसती नावं आणि नग लिहून ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. त्यांना आम्ही आभासी भाग म्हणतो. तिनं मला विचारलं की हे तुम्ही कुठं शिकलात, आणि मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. मग जेवणाच्या सुट्टीत ही वही उघडली. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. विद्यानगरच्या आपल्या तेलुगू शेजारणींना वाटायचं, मी तेलुगूतच बापाला हाक मारते; त्यांच्याकडं नान्ना, आपल्याकडं नाना. तुम्ही ती समजूत कधी दूर केली नाहीत. तेवढंच जवळचं वाटतं त्यांना, म्हणायचात.

कुकटपल्लीच्या त्या कारखान्यात तुम्ही असेंब्ली शॉपचे फोरमन होता आणि मी डिप्लोमा करून डिझाइनच्या खोलीत लागले, ते दिवस मला आज फार हसरे वाटतात. तेव्हा तसे नव्हते. बाजार खुला झाला होता, औषधांच्या बाटल्या भरणारी यंत्रं आता परदेशातूनही येऊ लागली होती आणि आपल्या मालकांनी घाबरून की हुशारीनं, कोण जाणे, दोन कॉम्प्युटर घेतले होते. सकाळी तुमच्या स्कूटरवर मागं बसून मी यायची. गेटपर्यंत तुम्ही मला पोरी म्हणायचात आणि गेटाच्या आत गेलं की मॅडम. पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नाही तर तुम्ही चिडलात. इथं मी तुझा बाप नाही आणि तू माझी लेक नाहीस, नीट ऐकून घे, असं घरी येऊन आईसमोर बजावलंत. पण डबा मात्र दोघांचा एकच, आणि त्यातली मिरची तुम्ही रोज मला न विचारता उचलायचात.

कॉम्प्युटरकडं तुम्ही बघायचा नाहीत. मी किती वेळा बोलावलं, तर दारातूनच मान हलवून निघून जायचात. मला वाटायचं, तुम्हाला राग आहे; तीस वर्षांचा हात एका पेटीपुढं नमवायचा कसा. एका शनिवारी तुम्ही मला कोठी भागात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलात, कारण दिवसभर त्या काचेकडं बघून पोरीचे डोळे जातील ही तुमची खात्रीच होती. डॉक्टरांनी मला तपासलं, डोळे उत्तम आहेत म्हणाले. मग तुम्ही फीची पावती वाचायला डोळे बारीक केलेत तसं त्यांनी तुम्हालाच खुर्चीत बसवलं. चष्मा तुम्हाला लागला. जवळचं तुम्हाला कित्येक महिने धड दिसत नव्हतं, आणि मापं तुम्ही नुसत्या बोटांनी घेत होता. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात की हे आईला सांगू नकोस. मी सांगितलं. दोन दिवस घरात हशा होता.

त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर येऊ घातली होती. एका औषध कंपनीला बाटल्या भरायचं यंत्र हवं होतं, पण यंत्र कसं जोडणार आणि त्यात काय काय लागणार याची पूर्ण यादी त्यांना आधी पाहायची होती. ती पसंत पडली तरच ऑर्डर. नाही पडली तर परदेशी यंत्र. आणि ऑर्डर गेली तर असेंब्लीतली निम्मी माणसं घरी बसणार, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं. चित्रं काढायला वेळ नव्हता. म्हणून मी नुसत्या नावांचं झाड तयार केलं: चौकट, मोटर, पट्टा, भरायच्या नळ्या, आणि प्रत्येकाखाली त्याचे भाग. मला ते फार सुंदर वाटत होतं. तुम्ही नवा चष्मा लावून आलात, हात पुसलेत, माझ्या मागं उभे राहिलात आणि झाड वाचू लागलात.

मग तुम्ही पडद्याला न शिवता बोट दाखवलंत. चौकटीचा गट पुरा झाला म्हणजे तिची वरची प्लेटही बसली ना, असं विचारलंत. मी हो म्हणाले. "मग मोटर कुठून घालू? ती वरून सोडावी लागते." तुम्ही झाड वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलंत आणि विचारलंत, ग्रीस कुठाय? मी जरा तोऱ्यातच सांगितलं की ग्रीसला आकार नसतो, ते चित्रात येत नाही. तुमचा आवाज चढला नाही, पण ते बोलणं मला अजून लागतं.

"जे काढता येत नाही ते नसतंच, असं कुणी शिकवलं तुला? ग्रीसवाचून गिअर चार दिवस चालायचे नाहीत. त्याला तुझ्या कंपुटरात जागा नाही का?"

जागा होती. मलाच सुचली नव्हती.

मग सलग तीन रविवार आपण दोघं रिकाम्या कारखान्यात बसलो. शेजारी तुमचे जुने जोडीदार, ज्यांना सगळे चाचा म्हणायचे, ते स्टुलावर. मी माझं झाड मोडलं आणि तुम्ही जसं यंत्र जोडता तसं पुन्हा लावलं: आधी तळ, मग मोटर, मग वरची प्लेट. तुम्ही डोळे मिटून सांगताय, हात हवेत फिरतायत, जणू यंत्र समोरच उभं आहे, आणि मी टाइप करतेय. ग्रीस. नळ्यांच्या जोडावरची सील करायची पेस्ट. धोक्याच्या सूचनेचा स्टिकर. ज्यांचा आकार कुणी कधी काढणार नाही ती सगळी माणसं, असं तुम्ही त्यांना म्हणालात, माणसं, आणि स्वतःच हसलात. चाचा म्हणाले, "मॅडम, चाय भी लिख लेव, उसके बगैर कुछ नै जुडता." मी खरंच लिहिलं आणि यादी द्यायच्या आधी आठवणीनं पुसलं.

औषध कंपनीचे लोक आले तेव्हा मालकांनी मला बोलावलं. यादी वाचता वाचता त्यांच्यातल्या एका बाई ग्रीसच्या ओळीवर थांबल्या. औषधाच्या यंत्राला साधं ग्रीस चालत नाही, खास मागवावं लागतं, आणि आधीच्या एका यंत्राच्या वेळी ते कुणालाच शेवटपर्यंत आठवलं नव्हतं, म्हणून यंत्र तयार होऊन नुसतं उभं राहिलं, असं त्यांनी सांगितलं. इथं ते पहिल्याच यादीत होतं. त्यांनी पुढचे प्रश्नच कमी केले. ऑर्डर आपल्याला मिळाली. पुढं यंत्र जोडताना मोटर वरून सोडली तेव्हा तुम्ही मला मुद्दाम खाली बोलावून घेतलंत, आणि सगळ्यांसमोर, गेटाच्या आत, पहिल्यांदा पोरी म्हणालात.

पण त्या दिवशीच्या बैठकीतलं एक राहिलं. त्या बाईंनी विचारलं होतं की ही मांडणी कुणाच्या डोक्यातून आली. तुम्ही दाराशीच उभे होता, खाकी कपड्यांत, चष्मा खिशात. सुटाबुटातले पाच जण माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, सॉफ्टवेअरच्या पुस्तकात अशी पद्धत दिली आहे. का म्हणाले, ते मला तेव्हाही कळलं होतं आणि आजही लिहायला नको वाटतं. परतताना स्कूटरवर तुम्ही मान मागं वळवून विचारलंत, "खरंच पुस्तकात आहे?" मी म्हणाले, हौ. तुम्ही एवढे खूश झालात की सिग्नल सुटला तरी स्कूटर हलेना. मग महिनाभर विद्यानगरच्या गल्लीत भेटेल त्याला तुम्ही सांगत सुटलात, तेलुगूत, उर्दूत, मराठीत, की आपण तीस वर्षं जे करत आलो ते विलायती पुस्तकात छापलंय, म्हणजे आपलं चुकत नव्हतं. तो आनंद मला मोडवेना. नंतर सांगू म्हणता म्हणता वर्षं गेली, आणि मग तुम्हीच गेलात.

हे पत्र कुठं टाकणार मी? माझ्या लेकीला मराठी धड वाचता येत नाही, त्यामुळं ही वही घरी टेबलावर उघडी राहिली तरी चालेल. तर सांगून टाकते, नाना. पुस्तकात तसलं काही आहे की नाही, मला माहीत नाही. ते मी निम्मंसुद्धा वाचलं नव्हतं.