ऑर्डेल हॉगेनची हजेरी

एल्क हॉलो, आयोवा
९ मार्च

आदरणीय गॉर्डनदाजींना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? फिलिसताईचा घसा बरा आहे ना? (तिलाच विचारलं तर फोन तासभर चालेल, म्हणून आपल्याला विचारतो.) आम्ही सगळे ठीक आहोत, फक्त आमचा हौशी रेडिओ क्लब आधुनिक झाला आहे.

धान्याच्या कोठारावरचा आमचा जुना रिपीटर, कुणाचाही क्षीण आवाज झेलून पाच काउंटींत पोचवणारा, ऑक्टोबरात उतरवला आणि आपण तो विकत नेलात. त्या जागी डिजिटल आणायचा ठराव माझा. कंपनीने यंत्र निम्म्या किमतीत दिलं म्हणून मी आठवडाभर छाती काढून फिरलो. पण त्यावर बोलायचं तर बावीस सभासदांना बावीस नवे रेडिओ लागणार, आणि तेही पुऱ्या किमतीत, हे आमच्या खजिनदार लॉइसबाईंनी ठराव मंजूर झाल्यावर फळ्यावर मांडलं. (आधी का नाही सांगितलं, तर म्हणे कुणी विचारलं नाही.) नऊ जणांनी क्लब सोडला. मर्लिनने बायकोला न सांगता रेडिओ घेतला; सध्या रेडिओ घरात असतो आणि मर्लिन गॅरेजमध्ये.

पण खरा खर्च ऑर्डेल हॉगेनचा. वय शहाऐंशी, बायको गेलेली, घर दरीच्या तळाशी. आमच्याकडे रोज सकाळी सातला रेडिओवर हजेरी होते आणि जो ओ देत नाही त्याच्या घरी कुणीतरी जाऊन तो जिवंत आहे का ते बघायचं, असा नियम आहे. जुन्या यंत्रावर ऑर्डेलचा आवाज तव्यावर बेकन तडतडावं तसा यायचा, पण यायचा. डिजिटलला अर्धवट काही जमत नाही. एक तर स्वच्छ ऐकू येतं, नाहीतर काहीच नाही. ऑर्डेलने नवा रेडिओ घेतला आणि पहिल्या दिवसापासून त्याचा आवाज बंद. ठराव माझा, म्हणून जायची पाळीही माझी. बारा मैल, नोव्हेंबरपासून रोज, बर्फातून. पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून आत शिरलो, तर हा अंडी तळत होता. मला बघून म्हणाला, "उशीर केलास. बस." तेव्हापासून नऊ वाजेपर्यंत सुटका नाही. अंडी, कॉफी, पत्त्यांचे दोन डाव आणि त्याच्या आयरीनचं शेवटचं आजारपण. माझी बायको विचारते, दुसरा संसार थाटलाय का?

असो. आपल्या गुडघ्याला जपा.

आपला,
व्हर्लिन

ता. क. पत्राचं खरं कारण हे की तो जुना रिपीटर परत द्याल का? आपण दिले त्यावर वीस डॉलर जास्त देतो. ऑर्डेलची हजेरी लागेल आणि मला माझ्या घरी नाश्ता करता येईल.

ता. क. २. पत्र खिशातच राहिलं. आज ऑर्डेलकडे माझ्या हातून कॉफी सांडली, ती पुसायला रेडिओमागे हात घातला, तर अँटेनाची वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली. मी बघितलं ते त्याने बघितलं. त्याने तव्याखालची आच कमी केली. मग म्हणाला, "तुम्ही विचारायचात, ऑर्डेल आहे का. मी म्हणायचो, आहे. की झालं, सगळे आपापल्या न्याहारीला." आणि माझ्या ताटलीत तिसरं अंडं वाढलं. मला फार वाईट वाटलं, दाजी.

यंत्र आपल्याकडेच राहू द्या. क्लबात दोष दरीचा ठरला आहे, तो तिचाच राहील. फक्त ताईला तिच्या ओटच्या लापशीची कृती पाठवायला सांगा, दोघांच्या मापाची. रोज तीन अंडी माझ्या डॉक्टरला मान्य नाहीत, आणि जाणं काही मी बंद करणार नाही.