पाहुणे जाईपर्यंत

शनि. ७ नोव्हें. १९३१, धुळे
संध्याकाळी ख्रिस्ती मंडळीतले दोन वडील, म्हणजे पंच, चहाला. उद्याच्या उपदेशातला दाखला त्यांना सांगत होतो. माझी बायको रूथ कपबशा उचलता उचलता हसून म्हणाली, "हा मागच्या महिन्यात झाला की." ते हसले. मीही हसलो. त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, हात जोडले. परत येऊन तिच्या कानशिलात मारली. ती भिंतीवर आदळली. कानातून रक्त.
हात पहिल्यांदाच उठला, असं लिहिणार होतो. ते खरं नाही.
गुडघे टेकले. प्रभो, हा राग माझ्यातून काढून घे. दर वेळी हेच मागतो.

रवि. ८
उपदेश केला. विषय शांती. बदलायला धजलो नाही. रूथ बायकांत बसली होती, पदर कानावरून घट्ट. गाणी म्हटली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मंगळ. १०
रूथ गेली. शिंदखेड्याजवळ माहेर, धाकटा भाऊ येऊन घेऊन गेला. आम्ही ख्रिस्ती झाल्यापासून त्या घरात तिला चुलीपाशी जाता येत नाही. जेवण ओट्यावर, ताट वेगळं. तरी तिला ते घर...

रवि. १५
रूथ कुठे म्हणून विचारलं. "आबा आजारी आहेत," तोंडातून निघून गेलं. माझा सासरा दिवसभर शेतात राबणारा माणूस. त्याच्यासाठी सगळ्या मंडळीने प्रार्थना केली. मार्था अक्का, आमच्यातली सर्वांत वयस्कर विधवा, सगळ्यात जास्त वेळ. मला मध्येच "आमेन" म्हणावं लागलं. म्हटलं.

गुरु. १९
आबा कापसाची गाडी घेऊन धुळ्यात आले. बाजारात मी आणि मंडळीतले एक वडील समोरून आलो, वाट बदलायला जागा नव्हती. वडील म्हणाले, "बरं वाटतंय ना आता? आम्ही सगळे प्रार्थना करत होतो." आबांनी माझं तोंड पाहिलं. मग म्हणाले, "हां. आजारी व्हतू. आते बरं शे."
वडील पुढे गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "राहीनी काही सांगं नही. पन मी तिना कान दखा." त्यांच्यासाठी ती अजून राहीच. बैल हाकले आणि गेले.
ज्यांना तारण सांगायला मी दोनदा त्यांच्या ओट्यावर गेलो होतो, ते हे. माझी अब्रू त्यांनी झाकली.

रवि. २२
उपदेशाला उभा राहिलो, वही उघडली नाही. सांगितलं. आबा आजारी नव्हते. रूथला मी मारलं. कान फुटला. तसाच खाली बसलो.
बाहेर मार्था अक्का थांबली होती. "तिच्या कानाला फडकं मीच बांधलं होतं."
"मग त्या दिवशी आबांसाठी प्रार्थना..."
"मी कुठे आबांसाठी करत होते?"
मंडळीच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडचं उपदेशाचं काम काढून घेतलं. बरं केलं. बरं वाटलं नाही.

शुक्र. २७, शिंदखेडा
मोटारीने आलो, पुढे गावापर्यंत चालत. आबांनी पाणी दिलं, आत निघून गेले. रूथ ओट्यावर शेंगा निवडत होती. मी डाव्या बाजूला बसून बोलू लागलो, तेव्हा तिने मान वळवली. त्या कानाने नीट ऐकू येत नाही.
म्हटलं, प्रभू मला बदलेल, विश्वास ठेव.
"त्याच्यावर ठेवते. तुमच्यावर नाही."
मी म्हटलं, माझा राग अनावर होतो, तो काढून घे म्हणून रोज मागतो.
ती शेंगा निवडतच होती. "अनावर कुठे? पाहुणे जाईपर्यंत आवरलात की."
इतकी वर्षं भलतंच मागत होतो. राग बाहेरून येऊन शिरलेला कोणी नव्हे. तो मीच. मला ठाऊक असतं कोणावर हात उगारता येतो.
निघताना ती म्हणाली, "प्रभूला तुम्हाला बदलायला वेळ लागत असेल तर लागू दे. मी इथे आहे."

शनि. ५ डिसें., धुळे
उपदेशाऐवजी आमचं ख्रिस्ती देऊळ झाडायचं काम मागून घेतलंय. आज बाक पुसताना एका पोराने चिखलाचे पाय आणले. हात वर गेला नाही. पण समोर पाळकसाहेब होते, तेव्हा ते धरत नाही.
प्रार्थना आता लहान होते. मला मोड, असं म्हणतो आणि म्हणताना भीती वाटते, कारण तो खरंच मोडील.
मेव्हणा निरोप देऊन गेला. उद्या प्रभुभोजनाला रूथ येणार आहे. "देवळात येते म्हणे. घराचं काही बोलली नाही."
घर सारवलं. मग लक्षात आलं, ती पाहील म्हणून सारवलं. तिला काय म्हणायचं ते मनात जुळवू लागलो, दोन वाक्यं चांगली जमली. चांगली जमली म्हणूनच सोडून दिली. उद्या बायकांच्या बाजूने ती बाहेर येईल, मी दाराशी झाडू घेऊन असेन. पुढचं मला माहीत नाही.