गुणाबाईंचं पूर्ण नाव

३ नोव्हेंबर, सोमवार
आज गुणाबाईंची गाडी अ‍ॅपवर चढवली. जुन्या टेम्पोत आलूबोंडा आणि तर्री-पोहे, कधी सिमेंट कारखान्याच्या रस्त्याला, कधी बाजारात. आता 'गाडी कुठी' उघडलं की आज ती कुठे उभी आहे ते गडचांदुरात कोणालाही दिसेल.

बाकीच्या गाडीवाल्यांनी माहिती स्वतःच भरली. गुणाबाईंना मोबाइलवर लिहिता येत नाही, म्हणून मी भरली — आधार कार्ड बघून. मालकाचं नाव : गुणाबाई पत्रू खोब्रागडे. दोनदा तपासलं. त्या हसल्या. "एवढं लंबं? लोक तं मले नुसतं बाई म्हन्तेत."

५ नोव्हेंबर
घरमालकीण सीताकाकूंच्या नातीचं रविवारी बारसं. त्यांना आलूबोंडे हवेत. मीच गुणाबाईंचं नाव सुचवलं, अ‍ॅपवरून ऑर्डर करायलाही शिकवलं. बारशाची ऑर्डर गुणाबाईंना पहिल्यांदाच. खूप बरं वाटलं.

७ नोव्हेंबर
काकूंनी ऑर्डर रद्द केली. मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "अवं, तू सांगतलं नाई. मी मोबाइलवर नाव पाह्यलं. तसं आमचं काई नाई. पन बारशाचं काम, चार सोयरे येतेत. लटारूभाऊच्या गाडीले सांगून टाकलं आता."

मी "बरं" म्हटलं. का म्हटलं?

८ नोव्हेंबर
अ‍ॅपवरची सगळी नावं पुन्हा पाहिली. लटारूभाऊ. वामनराव. गोपाल दाबेली. आडनाव कोणीच टाकलेलं नाही. पूर्ण नाव एकटीचंच, आणि ते मी लिहिलेलं. इथे आडनाव वाचलं की पुढचं विचारावं लागत नाही, हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येईल का? नाही.

अ‍ॅप चालवणाऱ्या निकेशसरांना चंद्रपूरला फोन केला. "बदलून टाक ना. 'बाईंची गाडी' लिही. काऊन टेन्शन घेऊन राह्यली?"

बदललं. गुणाबाईंना विचारलं नाही.

९ नोव्हेंबर
बारसं. बोंडे लटारूभाऊंचे. एक घेतला, अर्धा ताटातच ठेवला.

११ नोव्हेंबर
गाडीवर जाऊन सांगितलं — तुमचं नाव काढलं म्हणून. त्यांनी झारा कढईवर आडवा ठेवला.

"सीताबाईनं बोंडे काऊन नाई घेतले, ते मले त्याच दिवशी समजलं. पन नाव तू काऊन पुसलं?"

म्हटलं, गिऱ्हाईक तुटेल.

"तुटलं तं तुटलं. माह्या उर्वशीले शाळेत टाकली तवा मास्तरनं आडनाव विचारलं, तं मी असं तोंडातल्या तोंडात सांगतलं. पोरगी माह्याकडे पाहतच राह्यली. तवापासून नाई लपवत." मग बाजूच्या ट्रकवाल्याला, "काय भाऊ, तुमाले आडनाव पाह्यजे का तर्री?"

"बाई, पह्यले तर्री टाका," तो म्हणाला.

त्या हसल्या. मला जमलं नाही.

१२ नोव्हेंबर
नाव परत पूर्ण लिहिलं. निकेशसर — "तुझी मर्जी. गाडी बंद पडली तं मले नको सांगू."

जिवतीहून आईचा फोन. "आपल्या घरात शिकलेली तूच पह्यली, बाई. कोनाशी वाकडं नको घेऊ. खोली चांगली भेटली तुले." खोली सरांच्या ओळखीची, भाड्याचा कागदही त्यांच्याच नावाचा. काकूंना मी नुसती दिव्यानी. आईला काही सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर
गुणाबाईंना एक ऑर्डर आली. साधीच. कोणाची ते दोनदा पाहिलं.

१४ नोव्हेंबर
काकू म्हणाल्या, "त्या बाईचं नाव तू पुन्हा टाकलं म्हने. तुले काऊन तिचा एवढा पुळका?"

"काकू, मीपण खोब्रागडेच."

खोलीचं काय ते उद्या सांगते म्हणाल्या.