धाकूने वाचून दाखवायचं पत्र

मस्कत,
शुक्रवार, १५ जानेवारी १९८८

तीर्थरूप आईस,

सगुणचा साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. तूही बरी असशील, डावा गुडघा सोडून. विनायकदादा, शांतावयनी आणि सर्वेश मजेत असतील. काळी म्हैस व्याली का ते कळव. मागच्या पत्रात तू सगळ्या वाड्याची खबर दिलीस आणि म्हशीची तेवढी विसरलीस.

आज सुट्टी आहे म्हणून सावकाश लिहितो. या वेळी वाक्यं आखूड लिहिणार आहे. का, ते पुढे सांगतो.

इथे लोक मला विचारतात, तुमचा गोवा म्हणजे काय? मी सांगतो, राज्य. गेल्या वर्षीच झालंय, अजून रंग ओला आहे. ते हसतात. हसू देत. ज्या माणसाने पेडण्याचा बाजार पाहिला नाही, त्याच्याशी कोण वाद घालणार?

तुझं पत्र पोचलं. खाली नेहमीसारखं होतं, "सांगणार आई, लिहिणार धाकू." धाकूचं अक्षर काय सुंदर आहे! टपाल वाटणाऱ्याने अक्षरही असं काढलं तर आमच्यासारख्यांनी तोंड कुठे लपवावं? पत्रात तू एक गंमत केलीस. "धाकू थांबान थांबान वाचता, ता माका बरा पडता, सगळा नीट समाजता," असं सांगितलंस, आणि ते त्यालाच लिहायला लावलंस! त्यानेही एक अक्षर न गाळता लिहिलं. सर्वेश वाचतो तेव्हा स्वतःविषयीचं सगळं गाळतो म्हणून तू धाकूची वाट बघतेस, हेही त्यानेच लिहिलं.

तर सर्वेशचं. मी ते चार वेळा वाचलं. रस्त्याच्या कामावर चंदगडचा दिनकर आलाय, त्याचा मुलगा दीपक आपल्या सर्वेशच्या वर्गात चौथीत आहे. तो डब्यात भाकरी नेतो आणि "काय करालायस?" असं बोलतो, म्हणून पोरं चिडवतात. आणि आपला सर्वेश मधल्या सुट्टीत डोक्याला टॉवेल गुंडाळतो, नारळाऐवजी चेंडू हातात धरतो आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालतो. "बा म्हाराजा, ह्या भाकरीवाल्याक उचल आणि परत तेच्या डोंगरार नेवन ठेव!" बाकीची पोरं ओरडतात, "व्हय म्हाराजा!" आठ दिवस झाले, दीपक शाळेत येत नाही. बापाजवळ खडीच्या ढिगावर बसून असतो.

तू विचारलंस, "देवाच्या गाऱ्हाण्याची असली थट्टा ह्या पोराक शिकयली कोणी? तू लिही तेका. तुझा ऐकता तो."

आई, इथली हवा सध्या छान आहे. सकाळी गार वारा सुटतो. मासळीही मिळते, पण आपल्या तेरेखोलच्या खाडीची चव नाही.

असो. एक गोष्ट कबूल करतो. मी तुला लिहिलं होतं की मी इथे स्वयंपाकघराचा सुपरवायझर आहे. तू ते देवळापर्यंत सांगून आलीस. तर मी सुपरवायझर नाही. मी कांदे सोलतो. रोज दोन पोती. सुपरवायझर म्हणायचंच झालं तर कांद्यांचा, आणि तेही माझं ऐकत नाहीत.

पहिल्या दिवशी डोळ्यांना धारा लागल्या तेव्हा मी मोठ्या आचाऱ्याला म्हणालो, "साब, ये प्याज मेरे को लय रडवता है!" झालं. त्या दिवसापासून मी जेवणाच्या खोलीत पाय टाकला की चाळीस माणसं चमचे ताटांवर आपटायची आणि एका सुरात ओरडायची, "प्याज मेरे को लय रडवता है!" चाळीस जण, आई. केरळचे, पंजाबचे, एक आपल्या डिचोलीचासुद्धा. तोच सगळ्यांत मोठ्याने. मीही हसायचो. हसलो नाही तर जास्त करतात. मग मी जेवायला सगळ्यांच्या शेवटी जाऊ लागलो. मग पाण्याच्या पिंपामागे बसून जेवू लागलो. मी, सगुण! गावात माझ्या तोंडाला कोणी लागत नव्हता!

इथे कुट्टन म्हणून एक म्हातारा आहे, भांडी घासतो. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. एक दिवस तो आपलं ताट घेऊन आला आणि पिंपामागे माझ्याशेजारी जमिनीवर बसला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी त्याने मला दंडाला धरून आत नेलं, मधल्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. चमचे वाजले. पण एकावर हसायला जोर येतो, दोघांवर तेवढा येत नाही. चार दिवसांत चमचे नुसते जेवायला राहिले. कुट्टन आजवर मला एक शब्द बोललेला नाही. फक्त माझी मासळी खातो. खाऊ दे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सर्वेशला ते गाऱ्हाणं मी शिकवलं.

इकडे निघायच्या आधी काजूच्या बागेत त्याने हट्ट धरला, "काका, तुझ्या शाळेतली गंमत सांग." मी टॉवेल बांधून करून दाखवलं. तो लोळून हसला. मला वाटलं, पोराला काहीतरी देऊन चाललो. त्याला मारू नकोस. मारलंस तर तो ते दीपकवर काढील. त्याला एवढंच सांग की दीपकच्या शेजारी बसून ये. खडीच्या ढिगावर. माफीबिफीचं भाषण नको, ते त्याला पाठ असतं. पोदेराच्या भट्टीवरून चार उंडे पाव घेऊन जा म्हणावं, आणि दीपकची भाकरी खाऊन बघ. एक दिवस नाही, रोज. आणि शाळेत जाताना त्याच्याबरोबर जा. काका कांदे सोलतो आणि त्याला सगळे हसायचे, हेही सांग. ते ऐकून तो थोडा हसेल, मग उंडे आणायला निघेल. मी ओळखतो त्याला.

आई, ते गाऱ्हाणं मी रचलं होतं दुसऱ्याच मुलासाठी. चौथीत. तो बोलताना अडायचा. मी म्हणायचो, "बा म्हाराजा, हो एक शब्द दहा वेळा बोलता, तेतले नऊ परत घे!" सगळा वर्ग ओरडायचा. मास्तरही एकदा हसले. तो मुलगा वर्ष अर्धं टाकून म्हापशाला मावशीकडे गेला. तुला मी सांगितलं होतं की त्याचं पोट दुखतं. त्याचं पोट चांगलं होतं. तिकडे तो मॅट्रिक झाला. मी गावात चौथीत दोनदा बसलो आणि शाळेने माझा नाद सोडला.

धाकू, तू इथवर वाचलंस ना? मधेच पत्र दुमडून "पुढे काय नाही" म्हणून उठू नको. आई, त्याला पाणी दे.

वाक्यं आखूड का, ते आता कळलं असेल. प्रत्येकानंतर तुला श्वास घ्यायला जागा ठेवली आहे. दोन वर्षं मी लांबलचक फुशारक्या लिहिल्या आणि तू त्या उन्हातून आणून माझ्या आईला वाचून दाखवल्यास. तू एकदाही काही बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. दीपक खडीवर बसतो हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, तेव्हा तुला काय वाटलं असेल, ते मी पिंपामागे बसलो नसतो तर मला सात जन्मात कळलं नसतं.

म्हणून एक गाऱ्हाणं घालतो. टॉवेल नाही, चेंडू नाही. आई, हात जोड.

बा देवा म्हाराजा, धाकूच्या वाटेत जो हो सगुण आडवो पडलो, तेच्या तोंडचे नऊ शब्द काढून घे. एकच ठेव. त्या शब्दान तो धाकूची माफी मागता. ती पदरात घाल. आणि त्या दीपकाक उद्या शाळेत बसव, सर्वेशाच्या शेजारी, रे म्हाराजा!

याच्यापुढचे दोन शब्द मी लिहीत नाही. ते गाऱ्हाणं घालणाऱ्याने म्हणायचे नसतात. ऐकणाऱ्याने म्हणायचे असतात, वाटलं तर.

पुढच्या पत्रात, आई, म्हशीचं कळव. आणि धाकूने ते म्हटलं की नाही, तेही कळव. नाही म्हटलं तरी त्याच्याच हाताने कळव.

सांगणार सगुण, लिहिणार सगुण.