‘आपण’ म्हणाली ती

९ जुलै

आपण! चक्क ‘आपण’ म्हणाली!

मधल्या सुट्टीत बाईसाहेब माझ्या बाकाशी आली, पर्स आपटली आणि म्हणाली, “ए नवीन, आपण सिनेमा काढतोय. तू हिरॉईन.” बाईसाहेब हे नाव मागच्या बाकांनी ठेवलंय. तिला ते आवडतं! बाबांच्या बदलीमुळे दुसऱ्या वर्षाला मी इथे आले, तेव्हापासून वर्गात एकच ऐकतेय, “चल, आम्ही निघतो.” त्या ‘आम्ही’त मी कधीच नसते. आज ‘आपण’मध्ये गेले एकदाची.

आईला सांगितलं, तर म्हणे, “हुरळून जाऊ नकोस.” माझ्या आनंदावर पाणी ओतायला हिच्या हातात तांब्या तयारच असतो.

नवल वाटतं ते बाईसाहेबचं. परवाच स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी तिला परीक्षेत कॉपी करताना पकडलं. चौकशी लागलीय, वर्ष जाणार म्हणतात. मी असते तर अंथरुणात तोंड खुपसून पडले असते. ही सिनेमा काढतेय!

१२ जुलै

हा म्हणे दुसरा भाग. पहिला कुणीच पाहिलेला नाही! “एडिटिंगला अडकलाय.” तिच्या पप्पांची कंपनी असले सिनेमे थिएटरला न नेता थेट व्हिडिओवर काढते. पहिलाच अजून यायचाय आणि ह्यांचा दुसरा सुरू. पैसेवाल्यांचं सगळंच न्यारं.

गोष्ट अशी – कॉलेजातली बडी पोरं एका साध्या मुलीला खेळवतात. साधी मुलगी मी. पहिल्या भागातल्या मुलीनं म्हणे मध्येच कॉलेज सोडलं. का, विचारलं तर बाईसाहेब म्हणाली, “नाजूक होती बिचारी.” चष्मिश – ती कॅमेरा सांभाळते – लेन्स पुसत बसली. पुसून पुसून झिजवेल एक दिवस!

१८ जुलै

बाईसाहेबच्या गच्चीवरच्या खोलीत शूटिंग. मागे हिरवा पडदा, समोर मी, आणि हे वाक्य – “प्रॅक्टिकल संपल्यावर सरांनी मला थांबवलं. दार लावलं. माझा हात धरला.”

“रड. पण नाटकी नको,” बाईसाहेब सारखी म्हणत होती. मग मला जुन्या गावची मैत्रीण आठवली, निरोप द्यायला येते म्हणाली आणि आलीच नाही. असं रडू फुटलं की थांबेना! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “जमलं! आपण जिंकलो!” बाईसाहेबनं मला मिठीच मारली.

सरांना नाव का नाही, मी विचारलं. “सर म्हणजे सर गं. डोकं नको खाऊस.”

२२ जुलै

आज घडलं ते नीट लिहिते.

प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. मोबाईलवर माझा रडका चेहरा, मागे हिरवा पडदा. बाईसाहेब आधीच खुर्चीत बसलेली. “मॅडम, स्टॅटिस्टिक्सच्या सरांबद्दल आहे हे. आम्हाला काहीच माहीत नव्हतं. हीच रडत आमच्याकडे आली. आम्ही फक्त रेकॉर्ड केलं.”

आम्ही! मला पहिल्यांदा तो शब्दच टोचला, बाकीचं नंतर कळलं.

मॅडमनी विचारलं, “ही तूच ना?” मी म्हणाले, “हो.” मीच होते ना! पुढचं बोलणार, तोवर बाईसाहेबनं मला छातीशी धरलं. माझं तोंड तिच्या ओढणीत. आणि मी तिला ढकललं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “हे खोटं आहे!” ती हसली. “मग सांग की. खोटं कोण बोललं? व्हिडिओत कोण आहे? आपण नाही हं. तू.”

२३ जुलै

बाबांना कळलं. ते सरांच्या घरी निघाले होते, आईनं दारात अडवलं. “माझ्या पोरीच्या अंगाला हात लावतो!” मी म्हणत होते, बाबा, ऐका ना, ऐका ना. आईनं मला कुशीत घेतलं, “काही बोलू नकोस राजा.” सगळे मला मिठ्या मारतायत आणि कुणी बोलू देत नाहीये.

२५ जुलै

आज ठरवून गेले. मॅडमना सगळं सांगितलं – सिनेमा, पडदा, पाठ केलेली वाक्यं. मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग माझा हात हातात घेतला. “कुणी दम दिला तुला? सरांनी?”

“नाही हो मॅडम! सर काहीच –”

“घाबरू नकोस, बाळ. तक्रार मागे घ्यायला दबाव येतोच. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.”

मॅडमनी बाईसाहेबला विचारलं, तर म्हणे, कसला सिनेमा? बाकीचे सीन कुठेच नाहीत.

संध्याकाळी नोटीस लागली. सर निलंबित. साक्षीदारावर दबाव आणल्याचा संशय, असंही त्यात होतं. म्हणजे मी खरं बोलले आणि त्यांना आणखी खोल ढकललं!

२६ जुलै

सर टेबलावरचं सामान न्यायला आले होते. वर्गात आम्हाला “मंडळी” म्हणायचे. मी जिन्यात समोर आले, तर भिंतीला चिकटून उभे राहिले. मी जाईपर्यंत मान वर केली नाही. देवा, मला गिळून टाक.

२८ जुलै

बाईसाहेबची चौकशी बंद. पकडणाराच असला निघाल्यावर कसली कॉपी! कॅन्टीनमध्ये पार्टी होती. मला हाक मारली, “ये गं, आपलीच आहेस.” गेले. बसले. केक खाल्ला. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. घरी येऊन ओकले.

२९ जुलै

चष्मिशनं मला प्रयोगशाळेमागे गाठलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, “पहिल्या भागातपण असंच झालं. हॉस्टेलच्या वॉर्डन बाईंची नोकरी गेली. पडदा तोच. वाक्यंसुद्धा तीच, थोडी फिरवून मीच लिहिलेली.” मला तिचे केस धरून हलवावंसं वाटलं. तिनं माझ्या हातात एक नंबर कोंबला. “त्या पहिल्या मुलीचा आहे. दोघी एकदम गेलात तर ऐकावंच लागेल त्यांना. माझं नाव घेऊ नकोस.” आणि पळाली.

दिवसभर नंबर नुसता बघतेय. नाजूक होती बिचारी.

३० जुलै

लावला. मी काही बोलायच्या आधीच तिनं विचारलं, “हिरवा पडदा?” मी हुंदका दिला. “रडू नकोस. मी येते तिकडे. आपण दोघी मिळून जाऊ.”

‘आपण’ म्हणाली ती. मी फोनच कापला.

परत लावलाय. वाजतोय.