सव्विसावं जनुक

४ मार्च
जगल्या! प्लेटच्या बाकी सगळ्या खळग्यांतल्या पेशी आत्मनाश घडवणाऱ्या औषधाने मेल्या, सव्विसाव्यातल्या ठणठणीत! विषाणू शिरला की पेशी स्वतःचा जीव देते, म्हणजे शेजारच्या तरी वाचतात. नेमकं तेच मरण विषाणूचं हे जनुक अडवतंय – त्याला राहायला घर शाबूत हवं ना! एकेक जनुक वेगळं काढून पेशींत घालत बसले होते मी, एकटी. आईला फोन केला. "छापून येईल ना? तुझं नाव पहिलं?" पहिलंच, म्हटलं.

९ मार्च
पुन्हा केलं. पुन्हा तेच.

१७ मार्च
सर म्हणाले, "शोधनिबंध तो लिहील, त्याची भाषा बरी आहे." तो म्हणजे लॅबमधला माझा ज्युनियर, जावई. हे नाव मीच ठेवलंय, सर त्याचे लाडच तसे करतात. आणि आमच्याकडे जो लिहितो त्याचं नाव पहिलं. आयत्या बिळावर नागोबा! मी काय बोलले? "बरं सर." स्वतःचीच चीड आली.

२ एप्रिल
डबा खात होते, तर जावई हजर. "ताई, हा परिच्छेद जरा बघता का? मला नीट कळलेलं नाही." वेळ नाही, म्हटलं. "बरं, नंतर येतो." याच्या गोडपणाने तर अंगाचा तिळपापड होतो.

१५ एप्रिल
निबंधाला जोडायला म्हणून सव्विसावी नळी सीक्वेन्सिंगला, आतलं जनुक अक्षरन् अक्षर वाचून घ्यायला, पाठवली होती. आत विषाणूचं जनुक नाहीच! माणसाच्या पेशीचं स्वतःचं, मरण टाळणारं जनुक आहे – तुलनेसाठी ठेवतो ते. त्याने पेशी जगणारच होत्या! लेबल चुकीच्या नळीला लागलं. लेबलवरचं अक्षर माझं.

१९ एप्रिल
खरं सव्विसावं जनुक शोधून पेशींत घातलं, तेच औषध दिलं. सगळ्या मेल्या.

२० एप्रिल
सांगायला सरांच्या दारापर्यंत गेले. आत सर आणि जावई खिदळत होते. तशीच मागे फिरले. छापा म्हणावं, खुशाल छापा! पहिलं नाव ज्याचं, पहिले जोडेही त्यालाच. मी कुठेतरी मधल्या गर्दीत असेन. मला वाईट वाटत नाही. अजिबात नाही.

६ मे
शेवटचा मसुदा संमतीसाठी आला. उघडलासुद्धा नाही. "मान्य" एवढंच कळवलं.

११ जुलै
छापून आलं. पहिलं नाव माझं. जावई सरांशी भांडला म्हणे – "काम ताईंचं आहे."