शेपटीची पिन

सोमवार, ४ मार्च

सामान लागलं. वरचा मजला म्हणजे एकच लांबट खोली, उत्तरेला मोठी खिडकी आणि खिडकीखाली आठ फुटी टेबल. विमानांची मॉडेलं करणाऱ्याला आणखी काय हवं? घरी मी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा अडवून बसायचो आणि सूनबाई म्हणायची, बाबांनी घराचं हँगर करून टाकलंय. इथे खुशाल पसारा मांडता येईल.

घरमालकीण सत्तरीच्या, एकट्या. त्यांचे यजमान फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकवायचे. यजमानांचं जुनं दोन सीटचं, दुपंखी विमान त्यांना एकास आठ मापात करून हवंय, क्लबच्या हॉलमध्ये ठेवायला. मी बाई म्हणालो तर म्हणाल्या, वहिनी म्हणा, यांचे सगळे मित्र तेच म्हणायचे. मग लगेच त्यांनी मला भावजी करून टाकलं. भाजीत मीठ थोडं जास्त होतं. वाढताना मात्र हात आखडता नव्हता.

गुरुवार, ७ मार्च

पंखांच्या बेचाळीस फासळ्या कापून झाल्या. बाल्साचं लाकूड इतकं हलकं की शिंकलो तर दहाबारा उडाल्या. वहिनींना ऐकू गेलं, खालूनच हसल्या.

दुपारी त्या फोटो घेऊन वर आल्या. शेपटीवरचा नंबर पुरा वाचायच्या आधीच मी ओळखला.

त्या शांतपणे सांगत होत्या. सव्वातीनला विमान उडालं, थोडं वर गेलं, नाक खाली झालं ते पुन्हा उचललंच नाही. यजमान पुढे, शिकाऊ मुलगा मागे. दोघंही गेले. चौकशीत निघालं, चालवणाऱ्याची चूक. "जसं होतं तसंच करा, भावजी. काही झाकू नका," म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

शुक्रवार, ८ मार्च

निदान इथे तरी खरं लिहावं.

एकतीस वर्षांपूर्वी मी त्या क्लबमध्ये मेकॅनिक होतो. जेमतेम चार महिने. काम घेताना क्लबचं नाव ऐकून शंका आली होती, पण हेच विमान असेल असं वाटलं नव्हतं. त्या सकाळी शेपटीच्या हलत्या पट्टीचा बोल्ट मी ग्रीस लावायला काढला. ती पट्टी वर-खाली होते म्हणून विमानाचं नाक वर-खाली होतं. बोल्ट परत बसवला, तेवढ्यात चहा आला, कुणीतरी गप्पांत ओढलं. बोल्ट निसटू नये म्हणून त्यात एक बारीक पिन घालून तिची टोकं दुमडायची असतात. ती राहिली. मी तपासणीच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी पिन माझ्या शर्टाच्या खिशात सापडली. ती मी गटारात टाकली. विमान जळून गेलं होतं. चौकशीत सांगितलं, सगळं ठीक होतं. वहिनी क्लबमध्ये कधी येत नसत. कागदांवर माझी फक्त सही होती, आणि माझी सही बायकोलाही कधी वाचता आली नाही.

उद्या काम सोडून जावं. पण कारण काय सांगू?

रविवार, १७ मार्च

गेलो नाही. उलट कधी केलं नव्हतं इतकं बारकाईने करतोय. पंखांना कापड चढवलं. पुढच्या सीटवर वैमानिक बसवला, बोटभर, उजवा हात नाक उचलायच्या दांड्यावर. मागची सीट रिकामी ठेवली. त्या मुलाचा चेहरा करायला हात धजला नाही.

आज शेपटीची पट्टी. पितळी तारेची केसाएवढी पिन केली, भिंगाखाली टोकं दुमडली. तीनदा तपासली.

जेवून वर आलो तर पट्टी लोंबत होती. पिन नव्हती. घड्याळात सव्वातीन.

शर्ट बदलताना ती खिशात सापडली.

मंगळवार, १९ मार्च

काल तेच. आजही तेच. मात्र आजची पिन काडेपेटीतल्या काडीएवढी आहे. इतकी जाड मी केलेलीच नाही.

खिशाचं तोंड शिवून टाकलंय.

बुधवार, २० मार्च

टाके जसेच्या तसे. आत काहीतरी टोचतंय. उसवलं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

आज जे केलं तेही लिहायलाच हवं.

वहिनींनी खाली बोलावलं. त्यांचा हात हल्ली थरथरतो, पत्र लिहून द्याल का म्हणाल्या. त्या मुलाच्या आईला त्या दर वर्षी पत्र पाठवतात. या महिन्याच्या सव्वीस तारखेला ते सगळं घडलं, त्याच दिवशी टपालात पडेल असं. एकतीस वर्षांत एकाही पत्राचं उत्तर नाही. न येऊ दे, म्हणाल्या, तिचं पोर गेलंय, तिने कशाला उत्तर द्यावं.

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. माझ्या पतीच्या चुकीमुळे तुमचा मुलगा गेला. त्यांच्या वतीने मी पुन्हा क्षमा मागते.

माझ्याच अक्षरात. "चुकीमुळे" मधला उकार ऱ्हस्व की दीर्घ, असंही मी विचारलं.

त्यांनी खाली सही केली, मला लाडू दिला. मी खाल्ला.

वर आलो. वैमानिकाचे दोन्ही हात दांड्यावर होते. दांडा छातीपर्यंत ओढलेला. मी एकच हात दांड्यावर ठेवला होता.

रविवार, २४ मार्च

खिसा जड. उसवला. पूर्ण मापाची पिन, ग्रीसने माखलेली. तोच वास. साबणाने चारदा हात धुतले.

पत्र अजून खालच्या कपाटावर आहे. पाकीट बंद आहे. फाडता आलं असतं. हात लावला आणि परत ठेवलं.

सोमवार, २५ मार्च

सांगायचं ठरवून खाली गेलो. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. म्हणालो, विमानाबद्दल एक सांगायचंय. त्या इतक्या आशेने वळल्या की — मी रंगाचं विचारलं. लाल गडद हवा की फिका.

फिका, म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत त्यांच्यासाठी मनापासून राबणारे तुम्हीच, भावजी."

मी वर आलो.

वैमानिकाची मान वळलीय. मागे. रिकाम्या सीटकडे.

मंगळवार, २६ मार्च

सकाळी पोस्टमन पत्र घेऊन गेला. मी दारातच होतो.

तीन वाजून पाच. आज सांगतो. वही घेऊन खाली जायचं आणि आठ तारखेचं पान उघडून त्यांच्या हातात द्यायची. तोंडाने जमणार नाही, वाचतील तरी —

खिडकी बंद आहे. तरी पानं फडफडतायत. इंजिनाचा आवाज, टेबलातून, खुर्चीतून, दातांत —

उठता येत नाही. पोटावर पट्टा आहे. कॅनव्हासचा. सोडवत नाही.

लिहितोय म्हणजे खोलीतच आहे. टेबल दिसतंय. टेबलापलीकडे, खिडकी होती तिथे, टोपी घातलेलं एक डोकं, पाठमोरं. वहिनींना हाक मारली. आवाज वाऱ्यात —

सव्वातीन.

ते वळले. चेहरा जळालेला नाही. फोटोतल्यासारखाच, जरा हसरा. त्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं, माझ्या सहीवर विसंबून बसले होते. आज विचारतायत. सगळं नीट तपासलंय ना?

अजून जमिनीवरच आहोत. नाही म्हटलं तर ते उतरतील. एवढंच म्हणायचंय. नाही. तोंड उघडलं, मान हलवली आणि म्हणालो, हो, सगळं ठी